उरलेली वीज जाते कुठे?

दॉ पान न्यो बाईंचा ज्याच्यावर विश्वास बसेल असा माणूस मंडालेत अजून जन्मायचा होता. जावयाने आणलेले आंबेसुद्धा त्या त्याच्यादेखत हुंगून घेत.

मुलगा थुरेन मलेशियाला कामाला गेला तेव्हा त्याने आईच्या हवाली एक मासा केला. तांबडा, डोक्यावर टेंगूळ असलेला. फोनवर तो आधी माशाची खुशाली विचारी, मग आईची. माशाला बुडबुडे सोडणारा पंप लागे, पंपाला वीज लागे, आणि वीज तर अर्धा दिवस बेपत्ता. म्हणून घरात इन्व्हर्टर आला, बॅटरी आली आणि नवा संशयही आला.

कारण वीज परत यायच्या आतच पंप थांबायचा. बाई थेट नाक्यावरच्या को फो ल्विनच्या दुकानात. यंत्र त्यानेच बसवलेलं. त्याने समजावलं, बॅटरी साडेअकरा व्होल्टवर उतरली की यंत्र हात वर करतं. पार निपटून काढली तर बॅटरीच मरते.

“म्हणजे तळाशी काही उरतं?”

“उरायलाच हवं, मावशी.”

“मग ते उरलेलं जातं कुठे?”

को फो ल्विन हसला. निर्दोष माणूस असा हसत नाही, हे बाईंचं ठाम मत.

घरी येऊन त्यांनी स्वतःच यंत्राची बटणं दाबली आणि तो साडेअकराचा आकडा १०.८ वर आणला. बेरीज नऊ, म्हणजे शुभ. शिवाय जपमाळेचे मणी एकशेआठ. अशा आकड्याला कोण नावं ठेवील? पंप जास्त वेळ चालू लागला, टीव्हीवरची मालिकाही शेवटापर्यंत दिसू लागली. आपण चोर कसा पकडला ते बाईंनी गल्लीभर सांगितलं.

थोड्याच दिवसांत बॅटरीने मान टाकली. भर दुपारी वीज गेली आणि तिच्याबरोबर पंपही. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. बाई डावाने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिल्या. थुरेनला काय सांगायचं, हाच घोर. शेजारणीला दुकानात पिटाळलं, पण निरोपात “तुझी बॅटरी मेली” असंच म्हणाल्या.

को फो ल्विन दुकानातली चांगली बॅटरी उचलून धावत आला. बुडबुडे सुटले, मासा तळाकडे वळला. मग त्याने आकडा पाहिला, कपाळाला हात लावला आणि बटणं दाबली.

“पुन्हा वर चढवलास?” बाईंनी हटकलं.

“अकरा पूर्णांक सात. करा बेरीज.”

बाईंनी बोटांवर मोजली. पुन्हा मोजली. नऊच भरत होती.

“आणि टीव्ही या तारेवर नको,” तो म्हणाला. “मावशी, तुमची वीज मी नाही, मालिकेतली ती सून खाते.”

बाईंनी त्याला मुरवलेल्या चहापानांची कोशिंबीर खाऊ घातली. पण तो जाईपर्यंत यंत्राकडे पाठ केली नाही.

संध्याकाळी दिवे गेले. पंप मात्र इतका निवांत बुडबुडत होता की बाईंना वेगळीच शंका आली: वीज खरंच गेलीय ना? त्यांनी खिडकीतून शेजारणीला विचारलं, तुमचीही गेली का? गेली, ती म्हणाली.

बाईंनी पलीकडच्या शेजारणीला हाक मारली.