पडद्यावरची सोड्याची गाडी

सिनेमातले नट मला ओळखू येत नाहीत; त्यांच्या मागून जाणारे जुने ट्रक मात्र मी नुसत्या बोनेटवरून ओळखतो. (बायकोच्या मते हा गुण नाही, आजार आहे.) हिरॉईन शेवटचा श्वास घेत असते आणि मी टीव्ही थांबवून ओरडतो, "लाकडी फळ्यांची बॉडी! जुनं मॉडेल!"

"अहो, ती मरून राह्यली न्!" सुनंदा चिडते. "तिले मरू तर द्या!"

पण ह्या आजाराला कारण होतं. माझे बाबा जऊळक्याहून मालेगावपर्यंत सोड्याच्या बाटल्या पोचवणारा ट्रक चालवायचे. एकदा तो ट्रक दिवसभर एका शूटिंगला नेला होता. तो सिनेमा आमच्याकडे कधी लागलाच नाही. पुढे ट्रक भंगारात गेला, बाबाही गेले. ट्रकचा साधा फोटो नाही. माय अधूनमधून विचारायची, "दिसन का रे मले थो ट्रक एकदा?"

मागच्या महिन्यात तो सिनेमा मोबाईलवर सापडला! मी तो टीव्हीला जोडला, समोरच्या गॅरेजवाल्या शब्बीरभाईंना बोलावलं. माय चष्मा पुसून सगळ्यात पुढे बसली.

दहाव्या मिनिटाला मी उडालोच. "माय, हाच! बोनेट पाह्य!"

मायनं पदर डोळ्याला लावला. शब्बीरभाई खाकरले. "मास्तर, हा पाण्याचा टँकर हाय."

पदर खाली आला. थोड्या वेळानं मी पुन्हा ओरडलो, पदर पुन्हा वर! ह्या खेपेला तर खिडकीत बाबांचा हातसुद्धा दाखवला. पण त्या ट्रकचं स्टेअरिंग निघालं डावीकडे. (गाणं परदेशात चाललं होतं!)

"बाप्पा," माय म्हणाली, "तू चूप बस. मले पाहू दे."

मी रुसून बसलो. शेवटी एक पाठमोरा ट्रक आला. "हा नाही," मी ठणकावलं. "मागचे दिवे वेगळे आहेत."

"थांबव! थांबव म्हन्ते न्!" माय उभीच राहिली. "हा तर तुया बूट!"

ट्रकच्या मागे, नजर लागू नये म्हणून टांगलेला, एक छोटा बूट हलत होता. त्याला परकराची लाल नाडी! मी दुसरीत असताना मायनंच ती ओवली होती. आठवड्यात तो बूट हरवला, मायनं मला झोडपलं, आणि बाबा शेजारी बसून मुकाट भाकर खात होते!

"तुये बाबा गल्लीभर सांगत, नजर-फजर सब झूठ!" माय हसता हसता रडायला लागली. "अन् सोता पोट्ट्याचा बूट टांगला! तुले उगाच मारलं रे मी." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तेव्हाचा तो मार मला एकदम गोड वाटला. माझा बूट घेऊन बाबा गावोगाव हिंडत होते, हे मला कधी कळलंच नसतं. त्या शूटिंगवाल्यांचं भलं होवो!

तो ट्रक आम्ही वीस वेळा पाहिला. पडद्यावर त्याच्या अलीकडे हिरॉईन मरत होती.

"मरू द्या तिले," सुनंदा डोळे पुसत म्हणाली. "बूट दाखवा पुन्हा!"

शब्बीरभाई जाता जाता म्हणाले, "मास्तर, दुनियेचे ट्रक ओळखता, अन् सोताचा बूट नाई ओळखला?"

कसा ओळखणार? त्याला बोनेट कुठे होतं!