मानाजीराव खांबावर चढण्याआधी

मैसुरात विजेचे दिवे येऊन थोडीच वर्षं झाली होती. तारा ओढणाऱ्या टोळीत मानाजीराव होते. आजा-पणजा महाराजांच्या घोडदळातले, चुलते नागोजीरावही निवृत्त स्वार. अशा घरात एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, ती म्हणजे भीती.

त्या वर्षी श्रावणात वेंकटेश गेला. तो मानाजीरावांच्या जोडीचा गडी. तार बंद आहे असा निरोप आला होता, पण ती चालू होती. वरून ओरडसुद्धा ऐकू आली नाही. मानाजीराव खाली दोर धरून उभे होते. दोराला एक हिसका बसला आणि मग तो नुसता जड झाला.

रडायलाही सवड मिळाली नाही. दसरा तोंडावर आलेला. रस्तोरस्ती कमानी, कमानींवर दिवे. सकाळी उजाडताच बाहेर पडायचं, दुपारी उभ्यानंच दोन घास खायचे, पुन्हा खांब. घरी आलं तरी कानात तारेची गुणगुण चालूच. त्यांच्या पत्नी तुंगाबाईंच्या हातून पळी पडली तरी ते दचकून उठायचे. कामावर ते आता सगळ्यांच्या आधी चढायचे, भराभर. लोकांना वाटे, काय छातीचा माणूस आहे. खरं तर लवकर वर जाऊन लवकर सुटायचं, एवढंच त्यांच्या मनात असे.

"अहो, तुमचे हात बघा कसे कापतात," तुंगाबाई म्हणाल्या.

"दमलोय, दुसरं काही नाही."

तुंगाबाईंनी ते नागोजीकाकांच्या कानावर घातलं. काका रोज पहाटे परसातल्या नारळाखाली घोंगडी टाकून डोळे मिटून बसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला हाक मारली.

"ये, बस इथं."

"काका, बसायला वेळ कुठाय?"

"नाही म्हणूनच म्हणतो. सुम्मने बस."

सुम्मने म्हणजे उगीच, काहीही न करता. मैसुरातल्या मराठी घरांत असे कानडी शब्द मिसळून गेलेले होते.

"जप कसला करू?"

"कसला नको. श्वास येतो, जातो, तेवढा बघ. मन पळालं तर ओरडू नको त्याच्यावर. परत आण, बस्स."

मानाजीराव बसले. डोळे मिटले आणि तत्क्षणी हातातला दोर जड झाला. ते ताडकन उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर ते घोंगडीवरून उठून थेट दाराकडं निघाले.

"हे मला जमायचं नाही, काका. डोळे मिटले की वेंकटेशच दिसतो."

काका हलक्या आवाजात म्हणाले, "छावणीत एकदा दारूगोळ्याचा गाडा उडाला. माझ्यापुढचा स्वार घोड्यासकट गेला. त्यानंतर कित्येक महिने रिकिबीत पाय घालताना मला उलटी व्हायची. घरात कुणाला ठाऊक नाही."

"तुम्हाला भीती वाटत होती?"

"हौदू, होय. मलाच. अजून वाटते, म्हणून रोज बसतो. वेंकटेश दिसला तर दिसू दे त्याला. तू पळतोस म्हणून भीती मागं लागते."

त्या दिवशी दोघंही बसले. वेंकटेश दिसला, दोर जड झाला. पण मानाजीराव उठले नाहीत. हळूहळू एवढंच झालं की भीती येताना त्यांना कळू लागली. आधी पोटात गोळा, मग बोटं गार. पूर्वी ती सगळं अंग व्यापायची तेव्हा कुठं कळायची.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी राजवाड्याकडच्या रस्त्यावर एक तार निसटली. देखरेख करणारे तिरुमलराव घाईघाईनं आले.

"तार बंद केल्याचा निरोप आलाय. चढा लवकर, संध्याकाळी इथं दिवे लागायला हवेत."

मानाजीरावांनी खांबाला हात लावला आणि पोटात गोळा आला. पाय आपोआप वर जाऊ पाहत होते, नेहमीसारखे, पटकन. त्यांनी हात काढून घेतला आणि खांबाशीच मांडी घालून ते बसले. येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

"बरं नाही का?" तिरुमलरावांनी विचारलं.

"बरं आहे. थोडं थांबा."

श्वास आला, गेला. भीती होतीच, पण तिच्या पलीकडचंही आता दिसत होतं. टोळीच्या सामानाच्या गाडीवर साखळी गुंडाळून पडली होती. चढण्याआधी तिचं एक टोक जमिनीत रोवून दुसऱ्या टोकाचा आकडा बांबूनं तारेला टेकवायचा आणि तार खरंच बंद आहे का ते पाहायचं, असा नियम होता. दसऱ्याच्या घाईत कितीतरी दिवस कोणी तिला हात लावला नव्हता. त्यांनीही नाही.

"साखळी लावून बघतो."

"अहो, निरोप आलाय म्हटलं ना."

"तेव्हाही आला होता."

तिरुमलरावांचा चेहरा उतरला. "लावा," ते म्हणाले.

मानाजीरावांनी बांबू वर नेला. आकडा तारेला टेकला मात्र, निळा लोळ उठला आणि कडाड आवाज झाला. रस्त्यावरचे बैल गाडीसकट उधळले. अर्धवट वितळलेला आकडा त्यांच्या पायाशी येऊन पडला. निरोपात तारांची अदलाबदल झाली होती. बंद झाली होती ती दुसरीच.

तिरुमलराव तिथंच धुळीत बसले. मानाजीरावांनी गाडीआड जाऊन पोटातलं सगळं ओकून टाकलं.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. तुंगाबाई शेजारी बसून राहिल्या. मग ते म्हणाले, "मला फार भीती वाटते. श्रावणापासून वाटतेय."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या आणि त्यांचे हात आपल्या हातांत धरून राहिल्या.

पुढंही बरीच वर्षं मानाजीराव तारांवर काम करत राहिले. चढण्याआधी खांबाशी बसायचे. गडी आधी हसले, पुढं तेही बसू लागले, आणि तिरुमलराव बाजूला उभे राहून साखळी लागेपर्यंत कोणाला घाई करू देत नसत. भीती मात्र शेवटपर्यंत गेली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागत, गर्दी हरखून वर बघे, तेव्हा मानाजीराव तुंगाबाईंचं मनगट घट्ट धरून खाली जमिनीकडं बघत उभे असत.