चोवीस तासांना आठ आकडे

माझ्या घरी सामानाची यादी दोन प्रतींत असते, एक फ्रिजवर आणि एक पर्समध्ये. गावाला निघताना बॅगा मोजून गाडीत टाकते आणि उतरताना पुन्हा मोजते. सासरची माणसं हसतात. पण आमच्या घरच्या कार्यात कधी ताट कमी पडलं नाही आणि कुणाचं आमंत्रण राहिलं नाही, हे त्यांच्यापैकी कुणी बोलून दाखवत नाही. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की दोन्हींची संख्या आधी मोजायची, एवढी साधी गोष्ट माणसांना का जमत नाही, हे मला कधीच कळलं नाही. आणि गेल्या हंगामात तीच गोष्ट माझ्याकडून राहिली.

मी मूळची साताऱ्याची. तिथेच संख्याशास्त्र शिकले, लग्न होऊन सांगलीत आले, काही वर्षं कॉलेजात शिकवलं. नंतर तासगावच्या एका द्राक्ष बागायतदार संघात काम धरलं. रोज सकाळी सभासदांच्या मोबाईलवर सल्ला पाठवायचा. हिरवी खूण म्हणजे रोगाचा धोका नाही, फवारणी नको. लाल खूण म्हणजे आजच फवारा. खूण कोणती जायची ते एक प्रोग्रॅम ठरवायचा. तो साताऱ्याच्या एका सल्लागाराने लिहिला होता आणि चालवायची मी.

प्रोग्रॅममध्ये आकड्यांच्या ओळी असतात. त्यांना व्हेक्टर म्हणतात. पाठ्यपुस्तकातला शब्द सदिश, आणि पुस्तकात तो बाण काढून शिकवतात. इथे बाणबिण काही नाही. एका जातीचे आकडे एकापुढे एक, बस्स. तापमानाची एक ओळ, आर्द्रतेची एक ओळ. दोन्ही शेजारी लावायच्या आणि पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा असा ताडून बघायचा. सलग चार तास हवा दमट आणि तापमान रोगाला मानवणारं असेल तर लाल खूण, नाहीतर हिरवी.

आता एक ओळ लांब आणि दुसरी आखूड असेल तर काय व्हावं? हळदीकुंकवाला चोवीस बायका आल्या आणि ओटीला नारळ आठच आहेत असं समजा. आमच्याकडची कुठलीही बाई आठवा नारळ दिल्यावर थांबेल आणि आत हाक मारेल, “अगं, नारळ संपले!” आमचा प्रोग्रॅम ज्या संगणकी भाषेत लिहिलाय ती भाषा थांबत नाही. ती नवव्या बाईला पहिलीच्या ओटीतला नारळ दाखवते, दहाव्या बाईला दुसरीचा, असं करत तीनदा फिरते आणि वर सांगते की चोवीस ओट्या भरल्या. पंचविसावी बाई आली तर मात्र हिशेब बरोबर बसत नाही म्हणून जराशी कुरकुरते, आणि तरीही नारळ फिरवतेच. ज्यांनी ही सोय केली त्यांना ती सोय वाटते. त्यांच्या घरी कुणी जेवायला जात असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे तापमानाची नोंद दर तासाला व्हायची, म्हणजे दिवसाचे चोवीस आकडे. आर्द्रतेचं यंत्र वेगळं होतं, बॅटरी वाचावी म्हणून ते दर तीन तासांनी नोंद करायचं, म्हणजे आठ आकडे. हंगामाच्या सुरुवातीला त्या यंत्राची रात्री नऊची नोंद सारखी चुकायची. मग आकडे सातच यायचे आणि पडद्यावर इशाऱ्याची तांबडी ओळ उमटायची. मी ती वहीत लिहून घेतली आणि सल्लागाराला बोलावलं.

तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल.

“मॅडम, फार काही नाही. एक नोंद मिसिंग आहे. आधीचाच आकडा पुढे ओढू, आठ होतील. वॉर्निंग जाईल.”

वॉर्निंग गेली. दहा मिनिटांत. आमच्या संघाच्या सचिवांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी त्याला शाल आणि नारळ दिला आणि फोटो काढून घेतला. इशारा गेला म्हणजे चूक गेली, अशी समजूत असलेली माणसं सगळ्या ऑफिसांत असतात आणि त्यांना सगळीकडे शालीच मिळतात. पण त्यांना नावं ठेवताना मला माझी वही आठवते. मीही त्या दिवशी “तांबडी ओळ” यापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. आठ आणि चोवीस हे आकडे माझ्यासमोर होते. मी मोजले नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीला तासगावजवळच्या एका गावात दिलं आहे. दाजींची दोन एकर द्राक्षबाग आहे. निम्मी उंचवट्यावर, निम्मी ओढ्याकडे उतरत गेलेली. त्या दिवसांत बाग फुलोऱ्यात होती. द्राक्षवाल्याला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. फुलोऱ्यात दावण्या नावाची बुरशी घडात शिरली की तो घड गेला. तो परत आणता येत नाही. वर्षभर केलेलं त्या आठ-दहा दिवसांत ठरतं.

सकाळी साडेसहाला दाजींचा फोन आला. मी चहा टाकत होते.

“मेव्हणीबाई, आज औषध मारू का नगं?”

“मोबाईल बघा ना दाजी. हिरवं आलंय.”

“हिरवं आलंय, ते बगितलं. पर माजी इजार गुडघ्यापतोर भिजलिया. चार दिस झालं, रोज भिजतिया. लय दव पडतंय बगा.”

“तुम्ही ओढ्याकडेला उभे असाल.”

“बागंतच हाय की. पानावरनं पानी ठिबकतंय आन् तुमचं मशीन म्हनतंय हवा कोरडी?”

इथे मी ते वाक्य बोलले. अजून कान तापतात.

“दाजी, यंत्र विजार घालत नाही. ते आकडे मोजतं.”

दाजी हसले. मागून ताईचा आवाज आला, “आवं, ती शिकल्याली हाय, तिचं ऐका. उगं ब्लोअर फिरवून औषध वाया घालवू नगासा.”

“बरं बरं. तुमी म्हनताय म्हनून ठिवतो बंद,” दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. तीस वर्षं बाग केलेला माणूस. पहाटे उठून पानाला हात लावणारा. आणि त्याने ऐकलं कुणाचं, तर सांगलीत गॅसजवळ उभं राहून हुशारी दाखवणाऱ्या बाईचं.

पाचव्या दिवशी ते ऑफिसात आले. टेबलावर वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि उलगडली. आत पाच-सहा पानं होती. वरच्या बाजूला तेलाचे पडावेत तसे पिवळट डाग. दाजींनी एक पान उलटं केलं. मागे पांढरी बुरशी, पिठासारखी.

“हे बगा तुमचं हिरवं.”

“घडात गेलंय?”

“खालच्या ओळीत गेलंय. वरच्यात अजून न्हाई दिसत.”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि आदल्या आठवड्यातल्या एका दिवसाचे सगळे आकडे कागदावर छापून काढले. पडद्यावर नाही, कागदावर. पेन्सिल घेऊन तास आणि आर्द्रता ताडत गेले. पहाटे चार वाजता आर्द्रता एकतीस टक्के. दुपारी चार वाजता शहाण्णव. मी तो कागद दाजींपुढे सरकवला.

दाजींनी चष्मा लावून वाचला. “दुपारी दव पडतंय व्हय इथं? कवापासनं?”

दव दिवसातून तीनदा पडत होतं. मध्यरात्री, सकाळी आठला आणि दुपारी चारला. आठ आकडे चोवीस तासांत तीन फेऱ्या मारत होते. मध्यरात्र, पहाटे तीन आणि सकाळी सहाच्या दमट नोंदी लागोपाठच्या तीन तासांवर बसत होत्या, आणि चौथ्या तासावर उजाडल्यानंतरची नऊची कोरडी नोंद येत होती. रात्री नऊची नोंद तर संध्याकाळी सहाचा आकडा ओढून भरलेली, तीही कोरडीच. सलग तीन तास ओल, मग कोरडं. चौथा तास कधीच नाही. म्हणून लाल खूण कधीच नाही. आणि आठाने चोवीसला पूर्ण भाग जातो, म्हणून तांबडी ओळही नाही. सात आकडे होते तेव्हा निदान कुरकूर तरी होती. आम्ही आठवा आकडा ओढून आणला आणि तिचं तोंड बंद केलं.

“दाजी, चूक आमची आहे. आत्ता जा, आजच दुपारी औषध मारा. वरच्या ओळी आधी.”

ते उठले. पानं परत घडीत गुंडाळली नाहीत, टेबलावरच राहू दिली.

मी सचिवांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, “किती जणांच्या लक्षात आलंय?”

“एकाच्या. बाकीच्यांच्या बागेत आहे, लक्षात यायचंय.”

“मग आपण असं लिहू, तांत्रिक अडचणीमुळे सल्ल्यात किंचित तफावत…”

“मी लिहिते,” म्हटलं. आणि लिहिलं: “हंगाम सुरू झाल्यापासून आमचा सल्ला चुकीचा होता. पहाटेची ओल आमच्या हिशेबात आलीच नाही. हिरव्या खुणेवर विसंबून फवारणी थांबवली असेल तर आत्ता बागेत जा, पानं उलटी करून बघा.” सचिवांनी ते दोनदा वाचलं.

“बाई, उद्यापासून आपलं कोण ऐकेल?”

“गेल्या आठवड्यात कुणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.”

त्यांनी कपाळाला हात लावला. मी संदेश पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला निघाले. छापलेले कागद मांडीवर. इस्लामपूरला गाडी वीस मिनिटं थांबली, उंब्रजला एक बाई कोथिंबिरीची पाटी घेऊन चढली आणि माझ्या कागदांवर ओल्या जुड्या टेकवायला निघाली. मी कागद उचलून छातीशी धरले. तिला वाटलं असेल, जमिनीचं खरेदीखत आहे.

सल्लागाराच्या ऑफिसात भिंतीवर आमच्याच शालीचा फोटो लावलेला होता. त्याने कागद पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

“मॅडम, टेक्निकली हा बग नाहीये. ही भाषा असंच करते. आखूड व्हेक्टर रिपीट होतो. फीचर आहे ते.”

“पहाटे चारला दुपारची हवा हे फीचर?”

“नाही, म्हणजे… वॉर्निंग आली का तुम्हाला?”

“आली होती. तुम्ही घालवलीत.”

मी वही काढली. पहिली गोष्ट, दोन ओळी वेळ बघून जोडायच्या, क्रमाने नाही. सहाच्या तापमानाशी सहाची आर्द्रता, आणि मधल्या तासांची आर्द्रता कशी धरायची ते लिहून ठेवायचं. दुसरी, जोडण्याआधी दोन्हींची लांबी मोजायची, आणि ती सारखी नसेल तर पुढे जायचंच नाही.

“पण मॅडम, मग एखादी नोंद चुकली की प्रोग्रॅम बंद पडेल. त्या दिवशी मेसेजच जाणार नाही.”

“नको जाऊ दे.”

“क्लायंटला आवडत नाही असं.”

“क्लायंट तुमच्यासमोर बसलीय.”

तो टाईप करू लागला. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि ती तपासणीची ओळ पूर्ण होईपर्यंत हलले नाही. एकच ओळ होती. ती लिहायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. मग मी त्याला आर्द्रतेचे सात आकडे देऊन प्रोग्रॅम चालवायला लावलं. थांबला. मधले तास न भरता नुसते आठ देऊन चालवायला लावलं. थांबला. मधले तास भरून चोवीस दिले, तेव्हा चालला. मगच मी त्याने मागवलेला चहा प्यायले. गार झाला होता.

दाजींच्या वरच्या ओळी वाचल्या. खालच्या, ओढ्याकडच्या, गेल्या. घड काळे पडून वाळले, बोट लावलं की झडायचे. मी बघायला गेले तेव्हा ते कात्रीने एकेक काढून बादलीत टाकत होते. दोन महिने ताई माझ्याशी फोनवर “बरं हाय, ठिवते” यापुढे गेली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने माझ्या शिक्षणाचा हवाला दिला होता.

आता माझ्या वहीत रोजच्या नोंदींत एक रकाना वाढला आहे. त्यावर “विजार” असं लिहिलंय. सचिवांनी एकदा विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांना ते संघाच्या प्रतिष्ठेला शोभणारं वाटलं नाही. राहू दे. यंत्र कोरडं म्हणत असेल आणि विजार ओली असेल तर त्या दिवशी खूण जात नाही, आधी मी कागद छापून बघते.

गेल्या आठवड्यात आर्द्रतेच्या यंत्राची एक नोंद पुन्हा चुकली आणि प्रोग्रॅम थांबला. सात वाजून गेले. सभासदांचे फोन सुरू झाले, सचिवांचाही आला, “बाई, काहीतरी तर पाठवा.” मी दाजींना फोन लावला.

“काय मेव्हणीबाई, आज काय रंग?”

“रंग नाही. यंत्र थांबलंय. विजार काय म्हणते?”

“वर हाय मी, हितं कोरडंच हाय.” थोडा वेळ नुसता पावलांचा आवाज. “थांबा, खाली वड्याकडं जाऊन सांगतो.”

मी पेन हातात धरून थांबले.