उलट्या पावलांचे बँडमास्तर

औरंगाबादचे सगळे रस्ते पाठीनं ओळखणारा माणूस एकच होता, आमच्या गल्लीतले बँडमास्तर. तरुणपणी ते निजामाच्या फौजेच्या बँडात होते. तिथल्या साहेबाच्या हातात छडी असे आणि ती हलल्याशिवाय चाळीस जणांतला एकही फुंकर मारत नसे. पोलीस ॲक्शन झाली, फौज गेली, बँड मोडला आणि मास्तर एक छडी घेऊन घरी आले. त्या छडीच्या जोरावर त्यांनी लग्नाचा बँड उभा केला. इतर बँडांचे मास्तर सर्वांत पुढे क्लॅरिनेट वाजवत ऐटीत चालायचे. आमचे मास्तर काहीच वाजवायचे नाहीत. वाजवणाऱ्यांकडे तोंड करून, छडी हलवत, ते वरातीच्या पुढे चक्क उलटे चालायचे. गुलमंडीपासून पैठण गेटापर्यंत कुठे खड्डा आहे, कुठल्या दुकानाची पायरी पुढे आलीय, हे त्यांच्या टाचांना पाठ होतं.

एका वरबापानं त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्ही नेमकं वाजवता काय?" मास्तर शांतपणे म्हणाले, "बाजा ही लोकं वाजवतात. मी ह्या लोकांला वाजवतो." गावाबाहेर मात्र टाचांचा अभ्यास कमी पडे. फर्दापूरच्या एका लग्नात ते उलटे चालत चालत गुरांच्या हौदात गेले. पण छडी पाण्याच्या वर होती आणि तालात हलत होती, त्यामुळे बँड थांबला नाही. छडी थांबल्याशिवाय थांबायचं नाही, अशी त्यांची शिस्तच होती. माझ्या स्वतःच्या वरातीत दुसरा ट्रम्पेट जरा उतरला म्हणून त्यांनी भर चौकात सगळं थांबवलं आणि त्या बिचाऱ्याकडून तेवढा तुकडा पाच वेळा घोटून घेतला. मी घोड्यावर. सासरे धावत आले. "अहो मास्तर, मुहूर्त टळतोय." मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मुहूर्त गुरुजी सांभाळतील. सूर मला सांभाळू द्या."

या माणसाच्या मनात एकच सल होता. त्यांनी स्वतः एक मोठी चीज बांधली होती, तीन भागांची, वीस मिनिटांची. तिचा शेवट जगात कुणीही ऐकला नव्हता. एकतर मांडव यायचा, नाहीतर नवरदेवाचे मामा येऊन सिनेमातलं गाणं मागायचे. "लोकं खुर्चीवर बसलेत, आम्हीबी बसलोय आणि चीज पार शेवटापर्यंत चाललीय, एवढं एकदा व्हायला पाहिजे," असं ते मला इतक्यांदा म्हणाले की शेवटी मीच मनावर घेतलं. गारखेड्याला ज्या शाळेत मी शिकवत होतो, तिच्या पटांगणात मी जलसा ठरवला. ढोलवाल्यानं आधीच बजावलं होतं, "मास्तर, बसून लई अवघड जाईल. ठेका आमच्या पायात हाय." मास्तरांनी ऐकलं नाही.

पहिला भाग झकास झाला. दुसऱ्या भागात लय वाढली आणि मास्तरांचा एक पाय मागे आला. मग दुसरा. ते व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरले, तसा ढोलवाला उठला. त्याच्यामागे सगळा बँड उठला. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं मास्तर उलटे, बँड सुलटा, असे सगळे फाटकातून बाहेर पडले. श्रोत्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, तेही आनंदानं मागे निघाले. नाक्यावर कुणीतरी सिनेमातलं गाणं मागितलं आणि चीज पुन्हा तिथंच राहिली. रिकाम्या खुर्च्यांत मी एकटा पोट धरून हसत होतो. नंतर मास्तरांचा चेहरा पाहिला आणि स्वतःची लाज वाटली. "मी काय केलं नाय हो," ते म्हणाले, "पाय निघाले." पुढे तीन दिवस ते घराबाहेर आले नाहीत.

काही वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. बँड ढोलवाल्याकडे आला, मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. एके दिवशी दुपार कलताना एक वरात, तिची वाट इकडून नसताना, आमच्या गल्लीत वळली. मास्तरांच्या ओट्यासमोर ढोलवाल्यानं हात वर केला आणि सगळा बँड रस्त्यावर फतकल मारून बसला. घोड्यावरचा नवरदेव गोंधळला. "दादा, जरा दम धरा," ढोलवाला त्याला म्हणाला, "आमच्या मास्तरची एक चीज राह्यलीय." मग ओट्याकडे वळला. "मास्तर, छडी घ्या."

बसून वाजवायचा सराव त्यांनी कधी केला कोण जाणे. पहिला भाग झाला, दुसरा झाला. वऱ्हाडी आधी कुरकुरले, मग एकेक करून खाली बसले. तिसऱ्या भागात एकेक वाद्य गप्प होत गेलं आणि शेवटी उरली एकटी क्लॅरिनेट, इतकी हळू की घोड्यानं मान हलवली तर त्याच्या घुंगरांत ऐकू यायची नाही. माझे डोळे भरून आले. असा शेवट रस्त्यावर चालताना कुणाला कधी ऐकूच आला नसता.

मास्तरांनी छडी मांडीवर ठेवली. नवरदेवाकडे बघून म्हणाले, "जावा आता. तुमचा मुहूर्त टळतोय." बँड उठला, वरात वाजत पुढे गेली. मास्तर खुर्चीतच होते, पण त्यांच्या टाचा ओट्यावर हळूहळू मागे सरकत होत्या.