फडका खांद्यावर पडला की हसायचं

त्याचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, पण मित्र त्याला डॉक्टर म्हणतात. याला कारण त्याची तपासायची पद्धत. चालू इंजिनावर तो एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबतो आणि डोळे मिटून घेतो. शेजारी उभं राहिलेल्यांना नुसता खडखडाट ऐकू येतो. डॉक्टरला त्यातला प्रत्येक आवाज सुटा करून मिळतो. "दुसरा व्हॉल्व्ह सैल आहे," तो म्हणतो, आणि झाकण उघडलं की दुसराच सैल निघतो.

त्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात दोन जुन्या गाड्या मावतात, मात्र दोन्हींची दारं एकदम उघडायची नाहीत. एका भिंतीला पाने आणि पक्कडी टांगलेल्या, खिडकीखाली लाकडी टेबल, आणि कोपऱ्यात बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली गोल फिरणारी खुर्ची. ही खुर्ची रेडिओची. दुसरं कुणी बसलं तर तो काही बोलत नाही, फक्त त्या माणसाच्या डोक्यामागे उभा राहून कात्री चालवल्याची नक्कल करतो.

रेडिओचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेऱ्यामागून लोकांना हसा, हसा म्हणण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर लोकांना हसवायची सवय तेवढी उरली. तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून रेडिओ. दर रविवारी शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करायला जमणाऱ्या या मंडळीतल्या तिसऱ्या सदस्य शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांची छोटी गाडी केव्हाच तयार होऊन रस्त्यावर धावते आहे, तरी रविवारी सकाळी त्या येतातच. "घरी माझं कुणी ऐकत नाही," असं त्या कारण देतात. इथेही त्यांचं कुणी ऐकत नाही, पण इथे त्यांना त्याचं वाईट वाटत नाही.

तिघांच्या गोष्टी ठरलेल्या. सगळ्यात जुनी गोष्ट दोराची. रेडिओला भंगारात एक गाडी मिळाली होती. तिला इंजिन होतं, पण ते नावापुरतं. ती दुसऱ्या गाडीला दोराने बांधून आणायची ठरली. पुढची गाडी रेडिओ चालवत होता, मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरून डॉक्टर बसला होता. रेडिओ सगळी वाट एकट्याने बडबडत शेडपर्यंत आला आणि उतरला.

"मागे वळून बघतो तर काय," रेडिओ सांगायचा, "दोर आहे, दोराला बंपर आहे, आणि डॉक्टर नाही! हा पठ्ठ्या तिकडे चौकात, बंद गाडीत बसून, खिडकीतून हात काढून वळायची खूण करतोय!"

एवढं बोलून तो हात पुसलेला फडका खांद्यावर फेकायचा. फडका पडला की सगळे हसायचे. डॉक्टर सर्वांत मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

गेली दोन वर्षं डॉक्टर फडका बघूनच हसत होता. गोष्ट त्याला ऐकूच येत नव्हती.

हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. "अहो" म्हणून भागेना, तेव्हा तिने ओरडून पाहिलं, आणि मग जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली. फरशीतून आलेला धक्का त्याला बरोबर कळे. एकदा ओढूनच तिने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, कानातलं एक बारीकसं हाड जाम झालंय. हवेतून येणारा आवाज तिथे अडतो. हाडातून येणारा मात्र आतपर्यंत पोचतो. कानाला लावायचं यंत्र मिळालं. ते डबीसकट टॉर्चच्या सेलशेजारी खणात जाऊन पडलं.

"लावत का नाही?" बायकोने पाय आपटून, ओठ ठळक हलवत विचारलं.

"डॉक्टर म्हणतात मला," तो म्हणाला. "बहिऱ्या डॉक्टरच्या हातात इंजिन कोण देईल?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मूठ हाडाला लावली की इंजिन त्याला पूर्वीसारखंच ऐकू येई, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. ज्या माणसाला व्हॉल्व्हची टिकटिक कळते त्याला माणसाचं बोलणं कळत नसेल, असं कुणाच्या मनात येणार? तो उत्तर देत नाही म्हणजे कामात आहे. दोनदा विचारूनही उत्तर देत नाही म्हणजे तऱ्हेवाईक झालाय. बाईंनी निदान केलं होतं, "वयानं शिष्टपणा येतो. माझ्या मुख्याध्यापकांना आला होता."

मग तो रविवार आला.

रेडिओची गाडी तेव्हा डॉक्टरच्या शेडमध्येच होती, इंजिन अर्धवट जुळलेलं. ही गाडी रेडिओ आपल्या थोरल्या बहिणीसाठी करत होता. ताईने त्याला लहानाचा मोठा केलेला. मागे एकदा ती शेडमध्ये येऊन गेली होती. इंजिन बाहेर काढून ठेवलेलं असताना पुढच्या सीटवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चल, निघू या." या रविवारच्या आधल्याच आठवड्यात ताई वारली. रेडिओ तरीही रविवारी आला. घरी बसून करणार काय? खुर्चीत बसला, सवयीने फडका हातात घेतला आणि ताईचे शेवटचे दिवस सांगू लागला. बाईंनी हातातलं पॉलिश खाली ठेवलं. डॉक्टर गाडीच्या पलीकडे वाकलेला होता.

"शेवटी मलाच विचारते, गाडी झाली का रे?" रेडिओ म्हणाला. "मी म्हटलं, झाली. दारात उभी आहे."

आणि बोलणं संपलं तसा, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्याने फडका खांद्यावर टाकला.

डॉक्टर मांडीवर थाप मारून मोठ्याने हसला.

रेडिओ उठला. फडक्याची घडी केली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला. बाईंनी डॉक्टरकडे असं पाहिलं की तिसरीतल्या मुलाने पाढा विसरावा. नंतर त्यांनी सगळा प्रकार वहिनींना, म्हणजे डॉक्टरच्या बायकोला सांगितला. वहिनींनी तो नवऱ्याला समोर बसवून, ओठ स्पष्ट हलवत, पुन्हा पुन्हा सांगितला. तो जेवणाच्या ताटावरून उठला.

"जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? ऐकू आलं नाही म्हणून हसलो? मग इतकी वर्षं काय ऐकून हसत होतो, विचारेल."

"विचारू द्या की."

तो गेला नाही. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन रेडिओच्या गाडीला मात्र हात लावत राहिला. कार्ब्युरेटर पुन्हा उघडला, साफ केला, बसवला. एरवी मदतीला दोघं असतात; एक स्टार्टर मारतो, दुसरा ऐकतो. आता वहिनी पदर खोचून स्टिअरिंगमागे बसायच्या आणि तो हात वर करील तेव्हा चावी फिरवायच्या. "लग्नात हे सांगितलं नव्हतं," असं त्या म्हणत, तेवढ्यापुरतं यंत्र नसल्याचं सुख त्याला होतं.

काही रविवार असेच गेले. मग एका सकाळी बाईंची गाडी शेडसमोर थांबली. बाई आत बसून राहिल्या. रेडिओ उतरला. त्याच्या खांद्यावर जाड दोराचं वेटोळं होतं.

शेडमध्ये त्याची गाडी चालू होती. डॉक्टर पाठमोरा, वाकलेला, मूठ कानामागे, डोळे मिटलेले.

"मी गाडी न्यायला आलोय," रेडिओ म्हणाला.

डॉक्टर हलला नाही.

"तुझ्याशी बोलायचं नाहीये मला. बंद कर, बांधतो, निघतो."

काहीच नाही.

"अरे, माणूस आहेस की दगड?"

डॉक्टरने डोळे उघडले, स्क्रू अर्धा आटा फिरवला, पुन्हा ऐकलं. इंजिनाचा सूर जुळला होता. तो समाधानाने सरळ झाला, वळला आणि रेडिओला बघून जागच्या जागी थबकला. रेडिओचे ओठ हलत होते. भराभर, बरंच काही. डॉक्टरची नजर त्या ओठांवरून दोरावर गेली.

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन सरळ रेडिओच्या अंगावर चालून गेला.

"ए! ए! बाई, हा मारतोय मला!"

डॉक्टरने लोखंडी टोक त्याच्या जबड्याच्या हाडावर अलगद टेकवलं आणि मूठ आपल्या कानामागे दाबली.

"आता बोल," तो म्हणाला. "याच्याशिवाय मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

तीस वर्षांत पहिल्यांदा रेडिओ बंद पडला. दोघं तसेच उभे राहिले, एकाच्या जबड्यापासून दुसऱ्याच्या कानापर्यंत एक स्क्रूड्रायव्हर. बाई गाडीतून उतरून दारात आल्या आणि पुढे यावं की नाही ते न कळून तिथेच उभ्या राहिल्या.

"गाढवा," शेवटी रेडिओ म्हणाला. "मग हसायचास कशाला?"

"तू फडका टाकलास की हसायचं, एवढंच कळायचं."

रेडिओने खांद्याकडे पाहिलं. तिथे फडका नव्हता, दोर होता. त्याने तो खाली ठेवला. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्वतःच्या हाताने जबड्यावर नीट बसवलं आणि ताईचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मान हलवता येत नव्हती, हातवारे करता येत नव्हते. बाई म्हणतात, इतकी नीट गोष्ट त्याने आयुष्यात कधी सांगितली नव्हती.

"गाडी झाली का, विचारत होती," तो म्हणाला.

"झाली," डॉक्टर म्हणाला. "दोर कशाला आणलास? बंपर तुटेल."

गाडी रेडिओने चालवतच बाहेर काढली. डॉक्टर मागे बसला, बाई त्याच्या शेजारी. पुढची सीट रेडिओने रिकामी ठेवायला सांगितली.

खणातली डबी त्याच आठवड्यात उघडली गेली. डॉक्टर आता शेडमध्ये यंत्र लावून असतो. इंजिन तपासताना काढून खिशात ठेवतो. त्याच्या हातात इंजिन द्यायला कुणी कां-कूं केलेलं नाही. उलट बाईंनी शिष्टपणाचं निदान मागे घेतलं आणि आपल्या गाडीचा एक आवाज तपासायला दिला. तो आवाज डिकीत राहिलेल्या त्यांच्याच चष्म्याच्या डबीचा निघाला.

यंत्र लावून दोराची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"चौक कुठून आला यात?" तो म्हणाला. "मी पेट्रोल पंपासमोर होतो."

"दोन वर्षं चौकच आहे," रेडिओ म्हणाला. "तू हसत होतास, मला वाटलं तुला मान्य आहे."

चौक तसाच राहिला आहे. फडकाही खांद्यावर पडतोच, पण डॉक्टर तेव्हा हसत नाही. शेवटचा शब्द कानात पोचेपर्यंत तो वाट बघतो, त्यामुळे त्याचं हसणं बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा येतं. तेवढा वेळ रेडिओ पुढची गोष्ट सुरू करत नाही.