तिसरा रकाना

मामा जेवायला येणार असं कळलं की नात्यातल्या बायका एक भांडं जास्तीचं चढवायच्या. त्याला खाताना बघणं हा आमच्याकडे करमणुकीचा कार्यक्रमच होता. कोणी टोमणा मारलाच तर तो शांतपणे ताट पुढे करून म्हणायचा, बोलून झालं असेल तर वाढा. अठ्ठावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हात राकट, मान जाड, आणि कितीही दुखलं-खुपलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. मला नोकरी त्याच्या घराजवळ लागली म्हणून त्या वर्षी मी मामा-मामीकडे राहत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्याच्या आधी दोन वर्षांपूर्वीचा एक किस्सा सांगायला हवा. मामा एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत होता, आणि लिफ्ट त्याच्यासकट दोन मजले घसरली. मग आपत्कालीन ब्रेकची पकड बसली आणि ती थांबली. मामाचं कोपर सोलवटलं, एवढंच. मी तेव्हा सुट्टीला त्यांच्याकडे आले होते; घरी येऊन त्याने ही गोष्ट अशी रंगवून सांगितली की आमची हसून हसून मुरकुंडी वळली. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवला होता. आम्हाला वाटलं, चला, गडी ठणठणीत आहे.

तर त्या वर्षी कंपनीच्या तपासणीचा कागद आला. ज्या उभ्या पोकळीतून लिफ्ट वर-खाली जाते, तिला हे लोक शाफ्ट म्हणतात. तिथे उतरताना कमरेला सुरक्षेचा पट्टा लागतो, आणि तो पट्टा ठरावीक वजनापर्यंतच भरवशाचा असतो. मामा त्या आकड्याच्या सहा किलो पुढे गेला होता. तीन महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर शाफ्टचं काम बंद आणि ऑफिसात बसून तक्रारीचे फोन घ्या, असं कागदात लिहिलं होतं. मामाने कागद वाचला, घडी घातली आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

"खुर्चीत बसून मी गंजून जाईन," तो म्हणाला.

त्याने दर बुधवारी उपवास करायचं ठरवलं. दिवसभर फक्त पाणी, अंधार पडला की जेवण. पहिल्या बुधवारी दिवस तर निभावला, पण संध्याकाळी त्याने गुरुवारचंही जेवण उरकून टाकलं. मामी म्हणाली, असा उपवास आठवड्यातून दोनदा केलात तर मला स्वयंपाकाला बाई ठेवावी लागेल. दुसऱ्या बुधवारी पहिले पाढे पंचावन्न. पण मामा हट्टी. तिसऱ्या बुधवारपासून तो एका ताटावर थांबायला शिकला, आणि वजनाचा काटा नाइलाजाने का होईना, खाली सरकू लागला.

सरकला, तरी बाकीचे सहा दिवस पुडे फुटतच होते. तेव्हा मामाने आपलं हुकमी हत्यार बाहेर काढलं. लिफ्ट अडकते एकीकडे आणि बिघाड असतो दुसरीकडे, असं तो नेहमी सांगायचा. म्हणून त्याच्या कामाच्या वहीत तीन रकाने असायचे: वेळ, काय झालं, आणि त्याच्या आधी काय झालं. या तिसऱ्या रकान्यावर त्याचा फार जीव. तसलीच एक कोरी वही आणून त्याने आपलं खाणं लिहायला घेतलं. अक्षर मोत्यासारखं, वेळ मिनिटाबरहुकूम. आणि तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: भूक. जेवून अर्ध्या तासाने खाल्लेल्या चार केळ्यांपुढेसुद्धा भूक.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मामा, लिफ्ट बंद पडली, कारण काय, तर लिफ्ट बंद पडली. असा रिपोर्ट तू कुणाकडून घेशील का?"

त्याला ते झोंबलं. मीही काही कमी खवचट नाही. मी वही चाळत बसले आणि मला दिसलं की बहुतेक पुडे सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान फुटलेत आणि रविवारी एकही नाही. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, रविवारी घरी तुझ्या मामीचा पहारा असतो.

सातव्या बुधवारपर्यंत चार किलो उतरले होते, दोन राहिले होते. त्या दिवशी तो दुपारी दोनलाच घरी आला. मला सुट्टी होती. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा बूट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि सांगू लागला.

एका इमारतीत नवव्या मजल्यावर रिकामी लिफ्ट अडकली होती. त्याने दहाव्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं. आता खाली लिफ्टच्या छतावर उतरायचं. एरवी या वेळी तो दारापाशी उभ्या उभ्या पुडा संपवायचा आणि हात झटकून उतरायचा. पण बुधवार होता, खिशात काही नव्हतं. आणि हात थरथरायला लागले. त्याला वाटलं, उपाशी आहोत म्हणून. पाणी प्यायला, जिन्यात बसला, पुन्हा दाराशी गेला, पुन्हा तेच. बुधवार दर आठवड्याला येत होता, पण आधीच्या सहाही बुधवारी कामं मशीनच्या खोलीतली निघाली होती; शाफ्टच्या दाराशी तो रिकाम्या पोटी कधी उभाच राहिला नव्हता. शेवटी सवयीने त्याने वही काढली. वेळ दहा पन्नास. काय खाल्लं, काही नाही. आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: छतावर पाय ठेवायचा होता.

वीस मिनिटं तो त्या ओळीकडे बघत बसला. मग त्याने साहेबांना फोन लावला आणि आज मी उतरत नाही म्हणून सांगितलं. साहेब रागावले नाहीत. दुसऱ्या माणसाला तिकडे पाठवलं, मामाला ऑफिसात बोलावून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की असा घाबरत घाबरत दोन वर्षं कसा उतरलास. उद्यापासून फोनवर बस म्हणाले. ज्या खुर्चीपासून वाचायला मामाने सात बुधवार उपास काढले, तीच खुर्ची.

"मला भीती वाटते गं," तो मामीला म्हणाला. "लिफ्ट घसरली त्या दिवसापासून रोज वाटते. खाल्लं की थोडी कमी व्हायची."

हे बोलून तो रडला नाही. उलट डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा त्याने मोठा श्वास सोडला. रडली ती मामी. हातातला टॉवेल डोळ्यांना लावून म्हणाली, "अहो, मलाही वाटते. म्हणून तर तुमचा डबा मोठा केला. भरल्या पोटी गेलेला माणूस परत येतो, असं माझं मीच ठरवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं."

नवरा भ्यायचा म्हणून खायचा, बायको भ्यायची म्हणून खायला घालायची, आणि दोघांत चकार शब्द नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तेही दोन वर्षं. मला दोघांचाही राग आला, आणि खरं सांगते, इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मामा एक ताट जेवला. मामी सवयीने पुन्हा वाढायला आली, तर त्याने ताटावर हात आडवा धरला. तिने आग्रह केला नाही.

उरलेले दोन किलो उतरले की नाही, हे नंतर कोणी विचारलं नाही. बुधवार मात्र त्याने सोडला नाही. आता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, पोट रिकामं असलं की मला खरं काय होतंय ते कळतं.

महिन्याभराने एका सकाळी मामी स्वयंपाकघरातून ओरडली की मामा डबा विसरून गेला. आमच्या घराण्याच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. तो छोटा डबा घेऊन मी त्याच्या ऑफिसात पोचले, तेव्हा मामा खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. कुणी बाई कुठल्याशा लिफ्टमध्ये अडकली होती.

"भीती वाटतेय ना? वाटणारच," तो सांगत होता. "मलाही वाटायची. माणूस निघालाय, दहा मिनिटांत पोचेल. तोवर फोन ठेवू नका, माझ्याशी बोलत राहा. आता सांगा, लिफ्ट थांबायच्या आधी काय झालं?"

मी डबा टेबलावर ठेवला. त्याने एकदा डब्याकडे बघितलं, मान हलवली, आणि तो बाजूला सरकवून वही पुढे ओढली.