कौलाच्या गाण्याच्या चिठ्ठ्या

नाव: श्री. नरहर पांडुरंग देवतळे. वय: सत्तर पूर्ण. पूर्वीचा हुद्दा: मुख्य लिपिक, रेल्वे पार्सल कार्यालय, रायपूर (निवृत्त). सध्याचा हुद्दा: चिठ्ठीप्रमुख, 'कंठमेळ' वार्षिक कार्यक्रम. नेमणुकीचा आदेश: तोंडी, १९८६. मानधन: नारळ एक, दर पाच वर्षांनी शाल. कार्य: श्रोत्यांकडून आलेली प्रत्येक चिठ्ठी, स्वतःची आवड-निवड मध्ये न आणता, गायिकांपर्यंत पोचवणे. सेवेतील त्रुटी: निरंक.

ही नोंद मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी नरहररावांनी स्वतःच लिहून दिली. शेवटचा रकाना भरताना त्यांचा हात जरा थांबला होता.

कंठमेळ म्हणजे चार बायकांचा गाण्याचा संच. वाद्य एकही नाही. यामागे काही सौंदर्यविचार असावा असं नव्या रसिकांना वाटतं. तसं काही नाही. पहिल्या कार्यक्रमात पेटीवर बसणारे गृहस्थ मालगाडीचे गार्ड होते, आणि कार्यक्रमाच्या वेळी ते गाडीसकट डोंगरगडच्या अलीकडे सिग्नलला उभे होते. इकडे लोक येऊन बसलेले, चिवडा वाटून झालेला. शेवटी शारदाताईंनी सूर धरला, बाकीच्या तिघींनी तो उचलला, आणि पेटीवाचून काही अडत नाही हे एका पेटीवाल्याला सोडून सगळ्यांना पटलं.

दुसरी प्रथा चिठ्ठ्यांची. सुरुवातीचं नमन सोडलं तर कंठमेळ आपल्या मनानं काही गात नाही. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, लोकांनी दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात गाण्याची चिठ्ठी टाकायची. चहा होईपर्यंत चिठ्ठीप्रमुखानं त्या गाण्यांप्रमाणे लावायच्या आणि मग पडद्याच्या कडेला उभं राहून एकेक गाणं शारदाताईंच्या हाती द्यायचं. ज्याची चिठ्ठी नाही ते गाणं नाही. पार्सल ऑफिसातल्या माणसाला हे काम शिकवावं लागलं नाही. माल कुणाचा, कशासाठी, हे आपण विचारायचं नसतं, पोचवायचं असतं.

चौघींतला खालचा आवाज सरलाबाईंचा, म्हणजे नरहररावांच्या पत्नीचा. हा आवाज इतका खालचा होता की गॅसचा नंबर लावायला फोन केला की पलीकडचा माणूस "हां भैया, बोलिए" म्हणायचा. सरलाबाई त्याला दुरुस्त करत नसत. भैया म्हटलं की सिलिंडर लवकर येतो, असा त्यांचा अनुभव होता.

तालमी रेल्वे क्वार्टरमध्ये, रुळांना लागून असलेल्या त्यांच्याच खोलीत व्हायच्या. सरलाबाई मेथी निवडता निवडता गायच्या आणि नरहरराव ऑफिसातून येऊन दाराबाहेरच्या बाकावर बूट न काढता बसायचे, कारण आत गेलं तर तालीम थांबे. 'ऊन उतरलं कौलावरनं' हे गाणं तिथंच जन्मलं. शब्द सरलाबाईंचे, चाल शारदाताईंची. दुसऱ्या कडव्यानंतर एक लांब थांबा आहे. नेमक्या त्या जागी रोज बिलासपूरकडची मालगाडी जायची, म्हणून चौघी गप्प राहायच्या. गाडी गेली की तिसरं कडवं. त्या कडव्यात तिघी नुसत्या गुणगुणतात आणि खालचा आवाज एकटा गातो. पुढे सभागृहात गाडी नव्हती, पण थांबा राहिला. नरहरराव त्या थांब्यात मनातल्या मनात डबे मोजत. सरासरी बेचाळीस.

सरलाबाई दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या जागी सोनिया आली, यशवंतरावांची सून. यशवंतराव म्हणजे नरहररावांचे पार्सल ऑफिसातले जुने सोबती. सोनिया राजिमच्या छत्तीसगढी घरातली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलते फक्त गाण्यात.

त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला कौलाच्या गाण्याच्या सात चिठ्ठ्या आल्या. नरहररावांनी त्या वाचल्या, एकावर एक नीट लावल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. शारदाताईंना त्रास नको म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी कारण सांगायची गरजही पडली नाही. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. त्या कडव्यातला शेवटचा आवाज सरलाबाईंचा होता, आणि त्यावर दुसरा आवाज चढला की पहिला आपल्या कानातून जाईल, याची त्यांना भीती होती. कोरोनाचं वर्ष सोडलं तर पाच कार्यक्रम असेच गेले. चिठ्ठ्या लोखंडी कपाटात, शालींच्या खाली, वर्षवार रबर लावून ठेवलेल्या होत्या. फेकली एकही नाही. पार्सल अडवणं वेगळं आणि हरवणं वेगळं.

इकडे रसिकांना चैन पडेना. मोबाईलवर 'कंठमेळ रसिक (अधिकृत)' असा गट आहे, सभासद एकेचाळीस. 'कंठमेळ रसिक (मूळ)' असाही एक आहे. तो लयीच्या प्रश्नावरून फुटून निघाला आणि त्यात दोन सभासद आहेत, जे एकमेकांचे साडू आहेत. अधिकृत गटावर मागच्या कार्यक्रमाची चर्चा दहा महिने चालली. शेवटी छत्तीसगढी गीत का घेतलं, नमन एवढं घाईत का उरकलं, शारदाताई वरच्या सुरात आता श्वास चोरतात की नाही. आणि प्रत्येक वाद शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकायचा: कौलाचं गाणं का गात नाहीत?

यशवंतरावांचं मत, सरलावहिनींशिवाय ते गाणं होणारच नाही आणि बायकांना तेवढी समज आहे. घरात ते सुनेसमोर हे बोलत नसत; गटावर मोठ्या अक्षरांत लिहीत, आणि सून त्याच गटात होती, वाचायची पण लिहायची नाही. शारदाताई मात्र साध्या फोनवर राहिल्यामुळे गटाबाहेर होत्या. अर्चना नावाची ठाण्याची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी नवा रायपुरातल्या कचेरीत नोकरीला आली होती. तिचं म्हणणं, हे गाणं म्हणजे कंठमेळचा कळस, आणि दुसऱ्या कडव्यानंतरचं मौन हा त्यातला सर्वांत धाडसी विचार. तिनं ते प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्या तरी फोनमधलं, सरलाबाईंच्या शेवटच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तिला मिळालं होतं. आणखी कुणी लिहिलं की चौघींत भांडण झालंय. नरहररावांनी उत्तर दिलं की भांडण वगैरे काही नाही, गायिकांचा काही विचार असेल. या उत्तराला अकरा अंगठे मिळाले.

यंदाच्या जानेवारीत अर्चनानं डाव टाकला. तिनं ते ध्वनिमुद्रण गटावर टाकलं आणि खाली लिहिलं की या वेळी एकेचाळीस सभासदांनी एकेचाळीस चिठ्ठ्या याच गाण्याच्या टाकायच्या. बघू या कशा नाही म्हणतात. सगळ्यांनी होकार दिला. नरहररावांनीही दिला. नाही म्हणायला कारण काय देणार?

दुपारची वेळ होती. गच्चीवर उन्हात उडदाच्या बड्या, म्हणजे इकडचे सांडगे, वाळत होत्या आणि नरहरराव कावळे हाकायला बसले होते. सरलाबाईंचा आवाज त्यांनी सहा वर्षांत यंत्रातून ऐकला नव्हता. गरज नाही, कानात आहे, असं ते म्हणत. पण त्या दुपारी त्यांनी तो कानात शोधला आणि सापडेना. शब्द होते, मेथीचा वास होता, बाकाचा खिळा कुठं टोचायचा तेही होतं. आवाज नव्हता. फोनवरचा "हां भैया" नेमका आठवत होता, पण तो पलीकडच्या माणसाचा. त्यांनी फोन कानाला लावला.

पहिलं कडवं ठीक. दुसरं ठीक. थांबा आला, त्यांनी डबे मोजले. मग तिघींची गुणगुण सुरू झाली, आणि खालचा आवाज येणार त्याच क्षणी खसखस सुरू झाली. कागदाची, फोनच्या अगदी जवळ. कडवंभर चालली. तिच्या मागे, भिंतीपलीकडून यावं तसं, काहीतरी खोल हलत होतं. शब्द लागत नव्हते. कडवं संपलं आणि खसखसही संपली.

दुसऱ्यांदा लावल्यावर ती खसखस कुणाची ते त्यांना कळलं. पडद्याच्या कडेला उभं राहून पुढच्या गाण्याच्या चिठ्ठ्या लावत असलेले चिठ्ठीप्रमुख, ते स्वतःच. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा फोन तिथंच खुर्चीवर ठेवलेला असणार. कावळ्यांनी तोवर पाच बड्या नेल्या होत्या.

रविवारी डब्यातून त्या एकेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतली एक यशवंतरावांचीही होती. तत्त्व वेगळं आणि गटाची शिस्त वेगळी, असं त्यांनी मागून सांगितलं. नरहररावांनी चहा घेतला नाही. सगळा गठ्ठा दोन्ही हातांत धरून ते आत गेले. शारदाताई लवंग चघळत बसल्या होत्या, शेजारी सोनिया पदर ठीक करत होती. शारदाताईंनी वरची चिठ्ठी वाचली, मग खालची, मग मधली एक ओढून पाहिली.

"सहा वर्षं झाली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एक चिठ्ठी नाही. मले वाटलं, लोक सरलाले विसरून गेले."

नरहररावांना बसायला खुर्ची होती, पण ते उभेच राहिले. "येत होत्या," ते म्हणाले. "दर वर्षी येत होत्या. मी खिशात ठेवून राहिलो होतो."

शारदाताईंनी लवंग गालात सरकवली. म्हणाल्या, "काहून?"

"दुसऱ्या कोणाच्या आवाजात नको होतं मले."

सोनियानं मान वर केली नाही. पिनेशी खेळत तिनं हळूच म्हटलं, "अंकल, हम हर साल इसकी प्रॅक्टिस करते हैं. चिठ्ठी आई तो तैयार रहना चाहिए न."

"घरी म्हणते का तू हे?" नरहररावांनी विचारलं.

"हव. पापाजी टीव्ही का वॉल्यूम बढ़ा देते हैं."

शारदाताई उठल्या. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी नरहररावांच्या हाती दिला नाही. आपल्याच पिशवीत टाकला.

गाणं चौथं आलं. नरहरराव नेहमीच्या जागी उभे होते, हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे न सुचल्यानं त्यांनी ते पाठीमागे बांधले. थांब्यात बेचाळीस डबे मोजून झाले. मग सोनियानं तिसरं कडवं घेतलं. आवाज सरलाबाईंसारखा नव्हता. पातळ होता, आणि मराठी 'ळ' तर सोडाच, 'कौलावरनं'मधला साधा 'ल'देखील ती जपून, परक्या घरची कपबशी उचलावी तसा उचलत होती. नरहरराव ऐकत राहिले. दुसऱ्या ओळीला सोनियाचा सूर खाली पुरेना, तिथं ती जराशी डगमगली, आणि त्या डगमगीच्या खाली, जिथं सूर जायला हवा होता त्या जागी, त्यांना सरलाबाई ऐकू आल्या. स्पष्ट. मेथीच्या काड्या मोडत असल्यासारख्या. ओळ संपेपर्यंत त्या होत्या.

पडद्यापलीकडे पहिल्या रांगेत यशवंतराव चष्मा पुसत होते. तो त्यांनी कार्यक्रम संपेपर्यंत पुसला.

संध्याकाळी गटावर चर्चा सुरू झाली. यशवंतरावांनी लिहिलं की लय अंमळ ढिली होती, खालचा सूर लागला नाही, पण पोरीनं निभावलं. साडूंनी मूळ गटावर लिहिलं की लय घाईची होती. अर्चनानं पूर्ण पानभर लिहिलं: मौन अप्रतिम, गुणगुण अप्रतिम, फक्त तिसऱ्या कडव्यात ध्वनिमुद्रणात जी एक वाळल्या पानांसारखी सळसळ आहे, ती यंदा का वगळली? तिच्याशिवाय कडवं उघडं पडतं. पुढच्या वर्षी ती परत घ्यावी अशी विनंती कोण पोचवेल?

नरहररावांनी लिहिलं, पोचवतो.

स्मरणिका त्याच आठवड्यात छापून आली. चिठ्ठीप्रमुख म्हणून नाव नरहररावांचंच आहे आणि सेवेतील त्रुटी निरंक आहेत. स्टीलच्या डब्याला आता कडी बसवून कुलूप लावलंय. किल्ली सोनियाकडे असते.